चार विमाने आणि एक विमानतळ

अंधेरी, विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर या भागांतल्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांना दिवसातून कितीदा वाक्य अर्धवट सोडून थांबावे लागते, हे वेगळे सांगायला नको. विमान डोक्यावरून गेल्याशिवाय पुढचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. मुलांना या आवाजाची इतकी सवय झालेली असते की ती मान वर करून पाहतही नाहीत. एखाद्या दिवशी त्यांना असे विचारून पहा : आत्ता वरून गेलेल्या विमानात बसलेला प्रत्येक माणूस आणि त्याच्या पोटात ठेवलेली प्रत्येक पेटी निर्धोक आहे, हे कोणी ठरवले? आणि कसे ठरवले?

बहुतेक मुले उत्तर देतील, 'यंत्राने.' काही म्हणतील, 'पोलिसांनी.' दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण अपुरी आहेत. विमानतळाच्या सुरक्षेचा इतिहास पाहिला तर असे दिसते की यंत्र नव्हते किंवा पहारेकरी नव्हता म्हणून झालेले अपघात तुलनेने थोडे. मोठे घातपात झाले ते एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते त्या जागी. प्रवासी एका विमानातून दुसऱ्यात जातो, पेटी एका कंपनीकडून दुसरीकडे जाते, विमान एका देशातून दुसऱ्या देशात थोडा वेळ थांबते. अशा सांध्याच्या जागी 'ते त्यांनी पाहिले असेल' असे प्रत्येकाला वाटते, आणि प्रत्यक्षात कोणीच पाहिलेले नसते.

हे तपासायला आपल्याला फार लांब जायला नको. मुंबईच्या एकाच विमानतळाशी नाते असलेल्या चार विमानांची हकिगत त्याला पुरेशी आहे.

जुहू ते सांताक्रूझ

मुंबईचा पहिला नागरी विमानतळ जुहूचा, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन याच मैदानावर उतरले. त्या काळी विमान चालवणाऱ्यापुढचे प्रश्न होते वजन, वारा आणि पावसाळ्यातला चिखल. माणसापासून विमानाला धोका असेल, ही कल्पना कोणाच्या मनात नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी विमानतळ झाला आणि युद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, नागरी वाहतूक जुहूहून तिकडे गेली. पुढची वीस-पंचवीस वर्षे सांताक्रूझ म्हणजे सहलीचे ठिकाण होते. विलायतेला निघालेल्या नातलगाला पोचवायला अख्खे कुटुंब हार घेऊन येई आणि प्रेक्षागारात उभे राहून विमान दिसेनासे होईपर्यंत हात हलवी. विमानतळाला भिंत होती, पहाराही होता. पण तो मुख्यतः चोरांसाठी आणि जकात चुकवणाऱ्यांसाठी. सोन्याची बिस्किटे आत येऊ नयेत याची काळजी घेतली जाई. विमानातून काय बाहेर जाते आहे, याची फारशी नाही.

पहिले विमान : काश्मीर प्रिन्सेस, १९५५

एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान एप्रिल १९५५ मध्ये मुंबईहून हाँगकाँगला गेले. इंडोनेशियात बांडुंग येथे आशियाई आणि आफ्रिकी देशांची परिषद भरत होती. तिला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार या विमानाने जाकार्ताला जायचे होते. ११ एप्रिल रोजी विमान हाँगकाँगहून निघाले. सुमारे पाच तासांनी, समुद्रावर असताना, उजव्या पंखाजवळ स्फोट झाला आणि आग लागली. वैमानिक कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी विमान समुद्रावर उतरवण्याचा प्रयत्न केला. विमानातल्या १९ जणांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले. वाचलेले तिघे विमानाचे कर्मचारी होते : अभियंता अनंत कर्णिक, सहवैमानिक दीक्षित आणि मार्गदर्शक पाठक. कॅप्टन जटार आणि हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तकही लिहिले.

समुद्रतळावरून काढलेल्या अवशेषांत वेळ लावून स्फोट घडवणाऱ्या उपकरणाचे भाग सापडले. ते उजव्या चाकाच्या खोबणीत ठेवलेले होते. विमान उडाले की चाके पोटात ओढून घेतली जातात. ती जिथे जाऊन बसतात ती ही पोकळी. हाँगकाँगच्या चौकशीत संशय गेला तो विमानतळावर साफसफाई करणाऱ्या एका कामगारावर. तो तैवानला पळून गेला होता. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय हे या घातपाताचे लक्ष्य होते असे मानले जाते. ते या विमानात नव्हते.

आता यातला सुरक्षेचा भाग पाहू. प्रवाशांची कितीही कसून झडती घेतली असती, तरी हा स्फोट टळला नसता. बाँब कोणा प्रवाशाबरोबर आला नव्हता. ज्याला विमानाजवळ जाण्याचा परवाना होता, जाण्याचे कारण होते आणि ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते, अशा माणसाच्या हातून तो आत गेला. विमान मुंबईचे, कर्मचारी मुंबईचे, पण थांब्यावरची देखभाल परक्या विमानतळाची. थांबा हा पहिला सांधा. आज विमान उडण्यापूर्वी त्याच्या चाकांच्या खोबण्या, सामानाचे कक्ष, स्वच्छतागृहे आणि आसनाखालच्या जागा पाहण्याची पद्धत आहे. विमानाजवळ काम करणाऱ्याची पार्श्वभूमी तपासल्याशिवाय त्याला ओळखपत्र मिळत नाही. ही शिस्त अशाच घटनांमधून आली.

दुसरे विमान : जपान एअरलाइन्स ४७२, १९७७

१९६० च्या दशकाच्या अखेरीस विमान पळवण्याची साथच आली. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत अपहरणाचे शंभराहून अधिक प्रयत्न झाले. भारतात ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' हे इंडियन एअरलाइन्सचे छोटे फॉकर विमान लाहोरला नेण्यात आले आणि पुढे जाळण्यात आले. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे येणारे बोइंग ७३७ विमान पळवून लाहोरलाच नेले गेले. त्यातले प्रवासी सुखरूप परतले.

जगभर यावर एकच उपाय पुढे आला : प्रवाशाची विमानात चढण्यापूर्वी तपासणी. अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. मार्च १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षेचे नियम पहिल्यांदा एका स्वतंत्र परिशिष्टात एकत्र केले. त्याला परिशिष्ट १७ म्हणतात.

ज्या चौकटीतून आपण चालत जातो त्या धातुशोधकाचे तत्त्व दहावीच्या पुस्तकातले आहे. चौकटीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलती वीज सोडली की बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रातून धातूची वस्तू गेली की फॅराडेच्या नियमानुसार त्या वस्तूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. दुसरे वेटोळे तो बदल टिपते आणि घंटा वाजते. यंत्राला पिस्तूल ओळखता येत नाही. त्याला फक्त वीजवाहक कळतो, मग तो सुरा असो, किल्ल्यांचा जुडगा असो की कमरेच्या पट्ट्याचे बक्कल. अमुक वस्तू घातक आहे हा निष्कर्ष माणसानेच काढायचा असतो. धातू नसलेल्या वस्तूबद्दल तर ही चौकट काहीच सांगत नाही.

२८ सप्टेंबर १९७७ रोजी जपान एअरलाइन्सचे पॅरिसहून टोकियोकडे जाणारे डीसी-८ विमान मुंबईला थांबले. सांताक्रूझहून उडाल्यावर थोड्याच वेळात 'जपानी रेड आर्मी' या संघटनेच्या पाच सशस्त्र लोकांनी त्याचा ताबा घेतला आणि ते ढाक्याला नेले. जपान सरकारने ६० लाख डॉलर दिले आणि काही कैदी सोडले, तेव्हा कुठे ओलिसांच्या सुटकेला सुरुवात झाली. हे सगळे चालू असतानाच ढाक्यात लष्करी बंडाचा प्रयत्न झाला, आणि विमानतळावर वाटाघाटी करणाऱ्यांना एकाच वेळी दोन संकटे हाताळावी लागली.

या प्रकरणातला सांधा वेगळा आहे. लांबच्या उड्डाणाला अनेक थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर काही प्रवासी उतरतात, काही चढतात आणि काही बसून राहतात. एका ठिकाणची तपासणी कच्ची राहिली तर तिची किंमत पुढचे विमानतळ मोजतात. पॅरिस, मुंबई, ढाका, टोकियो अशी साखळी असेल तर तिची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच.

१९७६ च्या अपहरणानंतर सरकारने पांडे समिती नेमली होती. तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी एक छोटा कक्ष उघडण्यात आला. प्रत्यक्ष पहारा त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे होता. नियम एका कार्यालयाचे आणि अंमलबजावणी दुसऱ्याची, अशी ही रचना होती.

तिसरे विमान : कनिष्क, १९८५

शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. मूल हरवते ते बस धावत असताना नव्हे, थांब्यावर. दोन बसमधली मुले मिसळतात आणि 'तो दुसऱ्या बसमध्ये असेल' असे दोन्हीकडचे शिक्षक समजतात. म्हणून आपण प्रत्येक थांब्यावर डोकी मोजतो. हा हिशेब साधा असला तरी तो चुकला की काय होते, हे २३ जून १९८५ ला साऱ्या जगाला कळले.

एअर इंडियाचे 'सम्राट कनिष्क' हे बोइंग ७४७ विमान कॅनडातून लंडन आणि दिल्लीमार्गे मुंबईला यायचे होते. आयर्लंडजवळ, सुमारे ३१ हजार फूट उंचीवर, त्याचा स्फोट झाला. ३२९ जण मृत्युमुखी पडले. एकही वाचला नाही.

पुढच्या तपासात पेटीचा प्रवास उलगडला. आदल्या दिवशी व्हँकुव्हर येथे एका प्रवाशाने दुसऱ्या कंपनीच्या टोरांटोला जाणाऱ्या विमानासाठी पेटी दिली आणि ती थेट एअर इंडियाच्या विमानात चढवावी असा आग्रह धरला. एअर इंडियाच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती. अशी पेटी पुढे पाठवायची नाही, असा नियम होता. खिडकीवरच्या कर्मचारी बाईंनी तसे सांगितलेही. पण मागे रांग वाढत होती आणि प्रवासी हटेना. अखेर पेटीला चिठ्ठी लागली. तो प्रवासी विमानात बसलाच नाही. पेटी मात्र गेली.

टोरांटोला एअर इंडियाच्या सामानाची क्ष-किरण तपासणी चालू होती. ते यंत्र मध्येच बंद पडले. मग हातात धरायच्या, वास घेणाऱ्या उपकरणाने उरलेल्या पेट्या तपासल्या गेल्या. ते उपकरण भरवशाचे नव्हते आणि ते वापरणाऱ्यांना पुरेसे शिक्षणही दिलेले नव्हते. पेटी विमानात चढली. व्हँकुव्हरहूनच निघालेली अशीच दुसरी बेवारस पेटी जपानमधल्या नारिता विमानतळावर, कनिष्कच्या आधी सुमारे पाऊण-एक तास, सामान हलवताना फुटली. तिथे दोन कामगार ठार झाले. ती पेटीही एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी होती.

एकूण किती ठिकाणी ही साखळी तुटू शकली असती ते मुलांना मोजायला सांगा. खिडकीवर 'नाही' टिकले असते तर. प्रवासी चढला का हे पाहून पेटी उतरवली असती तर. टोरांटोला दुसरे यंत्र असते तर. विमान निघण्यापूर्वी प्रवासी आणि पेट्या यांची जुळणी केली असती तर. यांपैकी एकही गोष्ट घडली असती, तरी पुरे होते. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी महागड्या यंत्राची गरजही नव्हती. कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे थांबण्याची तयारी हवी होती.

या दुर्घटनेच्या तपासात मुंबईच्या शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. सुमारे दोन किलोमीटर खोल समुद्रातून विमानाच्या दोन्ही नोंदपेट्या जुलै १९८५ मध्ये काढण्यात आल्या आणि मुंबईला आणून उघडण्यात आल्या. वैमानिकांच्या कक्षातले आवाज टिपणाऱ्या फितीवर शेवटी एक क्षणिक आवाज होता, मग शांतता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या आवाजाची कंपनसंख्यांमध्ये फोड केली आणि तो स्फोटाचा असल्याचा निष्कर्ष काढला. ब्रिटनच्या तज्ज्ञाचे मत वेगळे पडले. तेवढ्या आवाजावरून बाँब सिद्ध होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. एकाच फितीवरून दोन जाणकारांचे दोन निष्कर्ष निघणे विज्ञानात नवे नाही. अशा वेळी आणखी पुरावा शोधायचा असतो. न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या आयोगाने समुद्रतळावरच्या अवशेषांचाही विचार केला आणि १९८६ मध्ये सामानाच्या पुढच्या कक्षातील बाँबस्फोट हेच कारण ठरवले.

डिसेंबर १९८५ मध्ये परिशिष्ट १७ मध्ये नवी तरतूद झाली : प्रवासी चढला नसेल तर त्याची पेटी उतरवायची. भारतात १ एप्रिल १९८७ पासून सुरक्षेचा तो छोटा कक्ष 'नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो' या स्वतंत्र खात्यात बदलला. ज्यांनी १९९० च्या दशकात देशांतर्गत विमानप्रवास केला असेल त्यांना आठवेल, विमानाच्या शिडीजवळ पेट्यांची रांग मांडलेली असे आणि प्रत्येकाने आपली पेटी बोटाने दाखवायची असे. दाखवलेली पेटीच विमानात जाई. उन्हात उभे राहून प्रवासी वैतागत, पण ही डोकी मोजण्याचीच पद्धत होती. आज पेटीच्या चिठ्ठीवरच्या पट्ट्या यंत्र वाचते आणि ही जुळणी संगणक करतो. काम तेच आहे.

चौथे विमान : पॅन ॲम ७३, १९८६

५ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे पॅन ॲम कंपनीचे बोइंग ७४७ विमान मुंबईच्या सहार विमानतळावरून निघून कराचीत थांबले होते. ते पुढे फ्रँकफुर्टमार्गे न्यूयॉर्कला जायचे होते. प्रवासी चढत असताना एक मोटार थेट विमानापाशी आली. ती सुरक्षा दलाच्या गाडीसारखी दिसत होती. आतल्या चार जणांच्या अंगावर विमानतळाच्या पहारेकऱ्यांचे कपडे होते. ते शस्त्रे घेऊन शिडी चढून आत घुसले.

विमानातल्या सेवकवर्गाची प्रमुख होती मुंबईची नीरजा भनोत. वय बावीस, दोन दिवसांनी तिला तेवीस पूर्ण होणार होते. तिने दिलेल्या इशाऱ्यामुळे वैमानिक छतावरच्या दारातून निसटले आणि विमान उडवायला कोणी उरले नाही. सुमारे सोळा तासांनी अपहरणकर्त्यांनी गोळीबार सुरू केला तेव्हा तिने दार उघडून प्रवाशांना बाहेर काढले. त्यात ती मारली गेली. सुमारे वीस जणांचे प्राण गेले, पण साडेतीनशेच्या वर लोक वाचले. तिला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. घाटकोपर पूर्वेला तिच्या नावाचा चौक आहे.

या वेळी प्रवाशांच्या तपासणीत चूक झाली नव्हती. पेट्यांचा हिशेबही चुकला नव्हता. चूक झाली ती विमानतळाच्या कुंपणावर. गणवेश आणि गाडीचा रंग हीच ओळख मानली गेली. गणवेश शिंप्याकडून शिवून घेता येतो. म्हणून आज धावपट्टीकडे जाणाऱ्या प्रत्येक फाटकावर गणवेश पुरत नाही. माणसाचे स्वतंत्र ओळखपत्र, गाडीचा स्वतंत्र परवाना आणि आत जाण्याचे कारण, या तिन्हींची तपासणी होते. अधिकाऱ्याची गाडी म्हणून सूट नाही.

कुंपणाचा प्रश्न मुंबईत विशेष अवघड आहे. हा विमानतळ मोकळ्या माळावर नाही. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, त्यांखालून वाहणारी मिठी नदी, आणि चारही बाजूंना सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी, कुर्ला इथली दाट वस्ती. कित्येक ठिकाणी झोपड्या भिंतीला लागून आहेत. भिंतीवरून उडी मारून आत आलेल्या माणसांच्या घटना घडलेल्या आहेत; त्यांतले अनेकजण घातपाती नव्हते. अशा जागी भिंत कितीही उंच केली तरी ती केवळ वेळ मिळवून देते. उडी मारणारा दिसला पाहिजे आणि तो विमानाजवळ पोचण्याआधी कोणीतरी तिथे पोचले पाहिजे. आखणी करणारे हाच हिशेब मांडतात : अडथळा ओलांडायला लागणारा वेळ हा पहारेकऱ्याला पोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त हवा. वेग आणि अंतराचे हे गणित आठवीतला विद्यार्थीही करू शकेल.

एक पेटी आणि लाखो पेट्या

आता यंत्राकडे परत येऊ. पेट्यांसाठी वापरले जाणारे क्ष-किरण यंत्र दोन वेगळ्या ऊर्जांचे किरण सोडते. कमी ऊर्जेचे किरण किती शोषले जातील हे पदार्थातल्या अणूंच्या अणुक्रमांकावर फार अवलंबून असते. जास्त ऊर्जेचे किरण मुख्यतः घनतेवर अवलंबून असतात. दोन्हींची तुलना केली की पदार्थ साधारण कोणत्या गटातला हे कळते. पडद्यावर कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे, आणि मधले हिरवे. आता अडचण अशी की स्फोटके नारिंगी दिसतात, तसेच पेढे, आंबावडी, साबण आणि पुस्तकांचा गठ्ठाही नारिंगीच दिसतो. यंत्र पुन्हा शंका तेवढी घेते.

शंकेचा हिशेब मांडू. मुंबई विमानतळावरून २०२३-२४ या वर्षात सुमारे ५ कोटी २८ लाख प्रवाशांनी ये-जा केली. म्हणजे दिवसाला सरासरी १ लाख ४४ हजार. समजा, दिवसाला १ लाख पेट्या तपासायच्या आहेत. समजा, आपले यंत्र इतके चांगले आहे की ते घातक पेटी १०० पैकी ९९ वेळा ओळखते आणि निर्दोष पेटीवर १०० पैकी एकदाच चुकून घंटा वाजवते. आणि समजा, दहा वर्षांत एकच घातक पेटी येते. दहा वर्षांत ३६ कोटी ५० लाख पेट्या होतील. त्यांवर ३६ लाख ५० हजार वेळा खोटी घंटा वाजेल आणि एकदा खरी. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने त्या एका घंटेला पहिल्या दिवसाइतक्याच गांभीर्याने घ्यावे, अशी आपली अपेक्षा असते.

खोट्या घंटा कमी करण्यासाठी शंकास्पद पेटी दुसऱ्या यंत्रातून पाठवता येते. दुसरे यंत्रही तितकेच चांगले आणि पहिल्यापेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालणारे असेल, तर रोजच्या १,००० खोट्या घंटांच्या १० होतात. पण खरी पेटी दोन्ही चाळण्यांत सापडण्याची शक्यता ०.९९ × ०.९९, म्हणजे ९८ टक्क्यांवर उतरते. आणि दोन्ही यंत्रे एकाच तत्त्वाची असतील तर दुसरे यंत्र पहिल्याच्याच चुका पुन्हा करील. म्हणून मोठ्या विमानतळांवर पेट्या सरकत्या पट्ट्यावरून एकामागून एक वेगवेगळ्या पातळ्यांतून जातात : आधी यंत्राचा निर्णय, मग माणसाची नजर, मग आडवे छेद घेऊन चित्र उभे करणारे, रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखे यंत्र, आणि शेवटी प्रवाशाला बोलावून पेटी उघडणे.

माणसाच्या नजरेचीही मर्यादा मोजलेली आहे. महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश सैनिकांची नजर थकल्यावर ठिपके निसटत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने यावर प्रयोग करून १९४८ मध्ये दाखवले की क्वचितच घडणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवणाऱ्याची सावधता पहिल्या अर्ध्या तासातच घसरते. हा आळस नव्हे. मेंदूचा स्वभाव आहे. त्यामुळे आज पडद्यासमोरचा माणूस थोड्या थोड्या वेळाने बदलतात. अधूनमधून यंत्र स्वतःच एखाद्या खऱ्या पेटीच्या चित्रात पिस्तुलाचे खोटे चित्र मिसळते आणि त्याने ते ओळखले का हे नोंदवते. त्याची परीक्षा होते आणि डोळेही जागे राहतात.

कुलपाची दुसरी बाजू

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून शेवटी कंदाहारला नेण्यात आले. वाटेत ते अमृतसरला उतरले होते आणि काही वेळ धावपट्टीवर उभे होते. दिल्लीत निर्णय घेणारे आणि अमृतसरला उभे असलेले यांच्यात एकमत होऊन काही हालचाल होण्यापूर्वीच ते उडाले. पुन्हा सांधाच, या वेळी दोन कार्यालयांमधला. त्यानंतर विमानतळांचा पहारा राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यास सुरुवात झाली; फेब्रुवारी २००० मध्ये पहिला जयपूर, आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईही. सगळीकडे एकच दल आणि एकच पद्धत असावी, हा त्यामागचा विचार.

पण प्रत्येक नवा उपाय स्वतःचा एक नवा सांधा घेऊन येतो, हेही लक्षात ठेवायला हवे. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर वैमानिकांच्या कक्षाची दारे आतून बंद होणारी आणि बाहेरून न फुटणारी करण्यात आली. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीच्या विमानात मुख्य वैमानिक बाहेर गेला असता सहवैमानिकाने तेच दार आतून लावून घेतले आणि विमान आल्प्स पर्वतात घातले. १५० जण गेले. बाहेरच्याला रोखणारे कुलूप आतल्यालाही संरक्षण देते. उपाय आखताना 'हा उपाय कोणाच्या हातात जाईल?' हाही प्रश्न विचारावा लागतो.

त्याचबरोबर निरुपयोगी झालेला नियम सोडून देण्याचेही धाडस लागते. हातातल्या पिशवीच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत आपल्याकडे कित्येक वर्षे चालू होती. एप्रिल २०१७ पासून मुंबईसह सात विमानतळांवर ती बंद झाली. कॅमेरे आणि नोंदी यांमुळे शिक्क्याचे काम उरले नव्हते. उरलेली होती ती केवळ रांग. आणि लांब रांगेत काय होते ते व्हँकुव्हरच्या खिडकीवर दिसले आहे. लोकांना उगाच ताटकळत ठेवणारा नियम सुरक्षा वाढवत नाही. तो कर्मचाऱ्यावर दबाव वाढवतो आणि खऱ्या नियमाला मुरड घालायला लावतो.

वर्गात हा विषय घ्यायचा तर विमानतळावर जाण्याची गरज नाही. शाळेतल्याच एखाद्या व्यवस्थेचा असा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचे पाकीट छापखान्यापासून वर्गापर्यंत किती हातांतून जाते? मधल्या सुट्टीतला पोषण आहार शिजवणाऱ्यापासून ताटापर्यंत कसा येतो? रिक्षाने घरी जाणारे मूल शिक्षकाच्या जबाबदारीतून नेमके कोणत्या क्षणी बाहेर पडते? प्रत्येक हस्तांतराच्या जागी एक फुली मारायची आणि विचारायचे : इथे मोजणी होते का? 'नाही' म्हणण्याचा अधिकार इथे कोणाला आहे? आणि त्याने तो वापरला, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हँकुव्हरच्या त्या खिडकीवर नियम लिहिलेला होता आणि तो माहीत असलेली व्यक्तीही बसलेली होती. नव्हते ते एवढेच, की रांग थांबली तरी चालेल असे तिला आधीच सांगून ठेवणारे कोणी.